उत्तरेच्या दारातलं ऊन

मी परदेशी निघाले ती आमच्या दारातून नाही, समोरच्या महानंदाकाकूच्या दारातून. कारण साधं होतं. जानेवारीतली सकाळ, अंगात हुडहुडी, आणि ऊन सगळं गल्लीच्या पलीकडच्या बाजूला. जीपवाल्यानंही गाडी तिकडंच उन्हात लावली होती. माय चहा झाल्यापासून काकूच्या भिंतीला पाठ लावून बसलेली. आप्पा टपावर बॅगा बांधून घेताना गाठ कशी मारायची यावरून ड्रायव्हरशी वाद घालत होते. आणि मी नवीन पँट घालून अवघडून उभी. माझा नवरा माधव सहा महिने आधीच मेलबर्नला पोचला होता, त्यामुळे मला एकटीलाच जायचं होतं. मायनं कपाळाला विभूती लावली, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तिथं उन्हाला बसायला जागा बघून ठिव."  जीप वळली तेव्हा मी मागं पाहिलं, तर आमचं दार सावलीत होतं आणि माझी सगळी माणसं समोरच्या दारात उभी होती.

गावाकडं गेले की बायका विचारतात, मायला एकटी का ठेवलीस गं, तिकडं नेता येत नाही का? मेलबर्नमधली आपली मंडळीही तेच विचारतात, फक्त जरा गोड आवाजात. दोन्हीकडं मी आजवर "व्हिसाचं अवघड असतं" असं सांगून सुटत आले. अवघड असतंच. पण खरं कारण व्हिसा नाही, ऊन आहे. तुम्ही तिकडं राहिलेले आणि तुम्ही माझ्यासारखे बाहेर जाऊन बसलेले, दोघांनाही एकदाच नीट सांगून टाकते.

आमचं गाव किल्लारीजवळ. भूकंपात जुनं गाव गेलं तेव्हा मी चौथीत होते. घर गेलं, आम्ही राहिलो, एवढ्यावर आमच्या घरात तो विषय थांबायचा. मीही तिथंच थांबते. जुन्या घराचं दार उगवतीला होतं. नव्या गावठाणात चिठ्ठ्या टाकून घरं वाटली. सरळ रस्ते, ओळीनं घरं, सगळी एकाच साच्यातली. आमच्या वाट्याला उत्तरेच्या दाराचं घर आलं, आणि महानंदाकाकूला आमच्या बरोबर समोरचं, दक्षिणेच्या दाराचं. दक्षिणेचं दार मिळालं म्हणून काकू रडून रडून बेजार झाली. आप्पांना मात्र कुणीतरी सांगितलं की उत्तर ही कुबेराची दिशा, तुमचं नशीब उघडलं. आप्पा खूश. पहिला हिवाळा आला आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्या दारात ऊनच येत नाही. तेव्हापासून ते कुणालाही धरून सांगायचे, "कुबेर काय आला न्हाई, गारठा मातर मुक्कामाला आला."

आपल्याकडं सूर्य दिवाळीपासून दक्षिणेच्या अंगाला कलून चालतो. पौषात तर पार तिकडंच. सकाळी काकूच्या ओट्यावर, दुपारी काकूच्या भिंतीवर, संध्याकाळी काकूच्या तुळशीवर. आमच्या दाराला तोंडसुद्धा दाखवायचा नाही. होळीनंतर तो हळूहळू वर सरकायला लागायचा. मे महिन्यात एक दिवस तर भर दुपारी असा डोक्यावर यायचा की विजेच्या खांबाची सावली खांबाच्या बुडातच गोळा व्हायची. आणि मग जेठ-आषाढात तो चक्क उत्तरेच्या बाजूनं चालायचा. तेवढे दिवस आमच्या दारात सकाळ-संध्याकाळ ऊन. म्हणजे कुणालाच नको असताना.

मागं परसात हिवाळ्यातही ऊन असायचं, नाही असं नाही. पण परसात न्हाणी, सरपण, आणि मागच्या घराची भिंत. तिथं बसलं तर माणूस दिसत नाही. माय एकदाही तिथं बसली नाही. म्हणायची, "परसात बसून ऊन खायचं म्हंजे चोरून खाल्ल्यागत वाटतंय." मग न ठरवताच ठरून गेलं. दिवाळी ते होळी माय तुरीच्या शेंगा, निवडायची भाजी, शिवायची गोधडी, जे काय असेल ते उचलून रस्ता ओलांडायची आणि काकूच्या दारात जाऊन बसायची. चैत्र-वैशाखात दुपारची सावली आमच्या ओट्यावर, तेव्हा काकू आपली पाटी उचलून इकडं. दोघींमध्ये भांडणंही झाली. एकदा कोंबडीवरून तर चांगलंच वाजलं. पण ऊन आणि सावली काही थांबत नाही, त्यामुळे अबोला फार दिवस चालला नाही. आप्पा म्हणायचे, "ह्या दोन घरांत मिळून एक चांगलं घर हाय."

मी लातूरला नर्सिंग केलं, मग नांदेडला नोकरी. तिथं माधव भेटला. तो मुदखेडचा, रेल्वे जंक्शनच्या गावचा. त्याचं "काय करून राहिलीस" आणि माझं "काय करलालास" यावरून आम्ही लग्नाआधीच एकमेकांची भरपूर टिंगल करून घेतली. मेलबर्नला मला वृद्धांच्या केंद्रात काम मिळालं. पहिल्याच थंडीत, म्हणजे जून महिन्यात, मी एक पराक्रम केला. एका आजीबाईंना सकाळी उन्हात बसवायचं होतं. ऊन नुकतंच एका झाडाआडून येत होतं. मी मनाशी हिशेब केला, आता हे उजवीकडं सरकणार, म्हणून खुर्ची झाडाच्या उजव्या अंगाला लावली, पांघरूण गुंडाळलं आणि दुसऱ्या कामाला गेले. परत येते तर आजीबाई गच्च सावलीत, नाक लाल झालेलं, आणि ऊन डाव्या बाजूच्या रिकाम्या बाकावर. त्या म्हणाल्या, "पोरी, तू सूर्याला ओळखत नाहीस वाटतं."

मला राग आला. सूर्याला मी ओळखत नाही? घड्याळ नसलेल्या घरात वाढलेली मी. पण बाईंचं खरं होतं. इथं सूर्य उगवतो उगवतीलाच, मावळतो मावळतीलाच, पण मधला सगळा रस्ता उत्तरेकडून जातो. त्याच्याकडं तोंड करून उभं राहिलं तर तो डावीकडं सरकतो. आपल्याकडं सरकतो उजवीकडं. एवढाच फरक, पण तो अंगात बसलेला असतो, डोक्यात नाही. कितीतरी दिवस मी बसमधून उतरून घराच्या उलट दिशेला चालायला लागायची. दोरीवरचे कपडे सावलीत वाळत घालायची. माधव सांगायचा, नकाशा बघत जा. नकाशा बघायला मी काय पाहुणी होते? पाहुणीच होते म्हणा.

काही वर्षांनी घर घ्यायची वेळ आली. घर दाखवणारा माणूस "नॉर्थ फेसिंग" हे दोन शब्द असे उच्चारायचा, की जणू पेटीतला केशर आंबा काढून दाखवतोय. इथं थंडीत ऊन हवं तर दार, खिडक्या उत्तरेला पाहिजेत, हे तोवर मला कळलं होतं. पण आप्पांना सांगितल्याशिवाय घर घ्यायचं कसं? फोन लावला. उत्तरेचं दार म्हटल्याबरोबर आप्पा एकदम मोठ्यानं बोलायला लागले.

"बाई, काय बी कर, पर उत्तरेच्या दाराचं घर घिऊ नको. आमचं बघून बी शाणपण आलं न्हाई का?"

"आप्पा, इथं सूर्य उत्तरेकडूनच जातो."

"तिथला सूर्य काय येगळा हाय का?"

"नाही, तोच आहे."

"मग?"

मी पृथ्वीचा गोल, आपण वरच्या अंगाला, हे लोक खालच्या अंगाला, असं बरंच सांगितलं. आप्पा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "माधवरावांला दे फोन." आणि माधवला हळू आवाजात सांगितलं, की बाहेर फसवाफसवी लई चालती म्हणतात, पोरगी भोळी हाय, तुम्ही ध्यान द्या. आम्ही ते घर घेतलं. आप्पांनी ते पाहिलं नाही. दोन वर्षांनी ते झोपेतच गेले, आणि शेवटपर्यंत त्यांना खात्री होती की त्यांच्या लेकीला कुणीतरी उत्तरेचं दार गळ्यात मारलंय.

आप्पा गेल्यावर माय एकटी राहिली. मी तिला आणायचं ठरवलं. नुसतं फिरायला नाही, कायमचं. ती लगेच हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. मे महिन्यात आली, आपल्याकडचं रणरणतं ऊन सोडून इथल्या थंडीच्या तोंडावर. पहिल्या सकाळी पूजेला बसताना विचारलं, "उगवती कुटं हाय?" मी दाखवली. ती बसली. दुपारी बाहेर आली, सूर्य पाहिला, आणि मला हाक मारली. म्हणाली, "बाई, तू मला उलटं बशीवलंस." तिला वाटलं दुपारचा सूर्य म्हणजे दक्षिण, त्यामुळे तिच्या लेखी बाकीच्या सगळ्या दिशा गरकन फिरल्या होत्या. संध्याकाळी तो भलतीकडंच मावळायला लागला तेव्हा ती ओट्यावर उभी राहून बघतच राहिली. दोन दिवस तिचं हेच चाललं. तिसऱ्या दिवशी व्हिडिओवर महानंदाकाकूला सांगत होती, "अगं, हितला सूर्य डावरा हाय. डाव्या हातानं चालतोय." काकू म्हणाली, "डावरा असंना, कामाला हाय न्हवं?" दोघी खूप हसल्या.

मग थंडी खरी पडली. एका सकाळी दार उघडलं, तर ऊन उंबऱ्यावरून आत आलं, सतरंजीवरून सरकत पार देवघरापर्यंत गेलं. माय दारात बसली होती. तिनं दोन्ही तळवे त्या उन्हात धरले. मग म्हणाली, "उत्तरेचंच दार हाय न्हवं ह्ये?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "तुझ्या आप्पाला दावायला पायजे हुतं." मला रडू आलं. तिलाही आलं. नंतर आम्ही त्याच उन्हात बसून चहा प्यायलो, आणि मला वाटलं की झालं, आता माय राहणार. आयुष्यभर जे ऊन तिच्या दारात आलं नाही, ते मी तिला दिलंय. मला माझाच अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

पण दिवस जायला लागले तसं मला दिसायला लागलं. मी अंधारात कामाला जायची, अंधारात परत यायची. माधवचं तेच. माय दिवसभर दारात. रस्ता स्वच्छ, झाडं नीट कापलेली, आणि माणूस म्हणून कुणी नाही. कधी एखादी गाडी, कधी कुत्रा फिरवणारा कुणी, हात करून पुढं जाणारा. आमच्या समोर एलेनी नावाची म्हातारी राहते, नवरा गेलेली, तरुणपणी ग्रीसहून इथं आलेली. तिचं दार दक्षिणेला, म्हणजे इथल्या हिशेबानं अगदी गार. माय एक दिवस म्हणाली, "समोरच्या बाईच्या दारात ऊन न्हाई. तिला बलव की बसायला."

मी म्हटलं, "इथं असं बोलवत नाहीत गं. तिच्या घरामागं अंगण आहे, तिकडं ऊन असतं. ती तिथं बसत असेल."

"परसात?" माय म्हणाली. "एकलीच?"

मी विषय बदलला. मला कामावर जायचं होतं.

व्हिसाची मुदत संपत आली तेव्हा मी तिच्यासमोर बसले. पुढचं काय काय करता येईल ते सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "मला गणपतीच्या आधी जायाचंय." मला वाटलं काहीतरी बोलणं लागलं असेल, माधवचं काही चुकलं असेल, जेवणाचं असेल. तसं काही नव्हतं. मग मी चिडले. "तिथं आहे कोण तुझं? मी तुझी लेक इथं आहे. दारात ऊन आहे. अजून काय पाहिजे?"

"ऊन हाय की," ती म्हणाली. "लई ब्येस हाय. पर महानंदाच्या दारात म्या न्हाई. ती एकलीच बसती."

"ती शेजारीण आहे माय. मी लेक आहे."

 मला वाईट वाटू नये असं बोलायचा मायचा प्रयत्न चालला होता, ते मला दिसत होतं. "बाई, तू सकाळी जातीस, रातच्याला यीतीस. तू काय करशील, नोकरी हाय. पर ऊन मधल्या येळात असतंय."

  ती गणपतीच्या आधी परत गेली. विमानतळावर मी रडले आणि ती मला समजावत होती, उलटंच सगळं. घरी आले तर तिची खुर्ची दारातच होती. ती आत घ्यायला माझा हात धजला नाही.

दिवाळीनंतर काकूचा फोन आला, माय तिकडं जाऊन बसायला लागली होती. दाखवलंही तिनं. तीच भिंत, तीच पाटी, शेंगांचा ढीग, माय कानाला रुमाल बांधून. मला पाहून म्हणाली, "जेवलीस का?" मी इकडं पंखा लावून बसले होते, बाहेर अंगाची लाही होत होती. संक्रांतीला तिळगूळ केला तो वळल्यावर घट्टच होईना. आपल्याकडं त्या दिवसापासून दिवस तिळातिळानं मोठा व्हायला लागतो म्हणतात, इथं तो बारीक होत जातो. दोन देशांत राहणाऱ्या माणसाचा असा गोंधळ चालायचाच.

त्या उन्हाळ्यातच मी कामावर सांगून दुपारनंतरची पाळी मागून घेतली. माधवला वाटलं, मला झोप पुरत नाही म्हणून. मी त्याला खरं कारण सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ते फार शहाणपणाचं वाटलं नसतं. थंडी सुरू झाली तशी मी सकाळचं काम आटोपून दारात बसायला लागले, मायच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची टाकून. एका दिवशी एलेनी कचऱ्याचा डबा आत घेत होती. अंगावर दोन स्वेटर. मी उठले, रस्त्याच्या कडेला गेले आणि म्हटलं, माझ्या दारात ऊन आहे, या बसायला. म्हणताना मलाच इतकं अवघडल्यासारखं झालं. ती क्षणभर माझ्याकडं बघत राहिली. मग डबा तिथंच सोडून आली. तिचं इंग्रजी मोडकं, माझंही काही फार सुबक नाही. तिनं हातानं आकाशात एक कमान काढून सांगितलं, की तिच्या गावात सूर्य त्या बाजूनं जायचा. आल्यावर कितीतरी वर्षं तिचे कपडे वाळले नाहीत. मी म्हटलं, माझेही.

आता ती येते. रोज नाही, पण येते. कधी पावटे सोलायला घेऊन येते, कधी नुसतीच. आमची अजून भांडणं झालेली नाहीत, तेवढी ओळख व्हायची आहे.

परवा जूनमध्ये अशीच बसले होते, इथली दुपार, म्हणजे तिकडं नुकती सकाळ. मायचा फोन आला. पावसानं उघडीप दिली होती, ती आमच्याच दारात होती आणि डोळ्यांवर हात धरून बोलत होती.

"बघ, दारात ऊन आलंय आमच्या," ती म्हणाली. "जेठातलं."

"माझ्याही दारात आहे," मी म्हटलं.

"दोघींच्याबी एका येळंला? बरं हाय की." तिला त्याचं फार नवल वाटलं नाही. मागून महानंदाकाकू काहीतरी ओरडली, बहुतेक सावलीला ये म्हणत असावी. मायनं तिला थांब म्हणून खूण केली आणि मला विचारलं, "तुझ्याकडं कोण हाय बसायला?"

मी फोन वळवला. एलेनी रस्ता ओलांडत होती, हातात टोपली, अंगावर तेच दोन स्वेटर, समोर बघत, सावकाश. एलेनी उंबऱ्यापर्यंत येईतो माय डोळे बारीक करून बघत राहिली. 

मग म्हणाली, "आता घर झालं बघ तुझं तिथं."

बोलताना ती हसत होती. मला मात्र गलबलून आलं, कारण तिनं ते आशीर्वादासारखं म्हटलं होतं आणि त्यातच, आता माझी वाट बघू नको म्हणून, निरोपही दिला होता. एलेनी बसली, टोपली मांडीवर घेतली. माय म्हणाली, "बरं, ठिवती, ऊन चढलालंय, महानंदाकडं सावलीला जाती." मी हो म्हटलं, आणि एलेनीच्या टोपलीतले पावटे सोलायला घेतले.